मुहूर्तावरचा अशुभ प्रश्न

गाडी ताब्यात घ्यायला माणूस एकटा कधीच येत नाही. मी नाशकात मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या एका शोरूममध्ये अर्धं आयुष्य गाड्या विकण्यात घालवलं आहे, तेव्हा या बाबतीत माझा शब्द प्रमाण माना. आजी येते, जावई येतो, आणि ज्याला गाड्यांतलं कळतं असा सगळ्या घराचा समज असतो तो एक मेहुणा येतो. हा मेहुणा आल्या आल्या टायरला लाथ मारून बघतो. का मारतो, ते त्यालाही सांगता येत नाही. गाडीवर लाल मखमली कापड, पुढच्या चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार. मी कापडाचं एक टोक कर्त्या माणसाच्या हातात देतो, दुसरं आजीच्या हातात देतो, आणि असा आवाज लावतो की मागच्या वर्कशॉपमधले मेकॅनिकसुद्धा पाने खाली ठेवून बघायला येतात. तरुणपणी मी हौशी नाटकांत कामं केली. तिथे न पडलेल्या सगळ्या टाळ्या मी इथे वसूल केल्या आहेत.

पण हा सोहळा होण्याआधी प्रत्येकाला एका काचेच्या केबिनमधून जावं लागायचं. तिथे यासीनभाई बसायचे.

शेख यासीन, मूळचे मालेगावचे. वडील यंत्रमागावर कामाला. त्या खडखडाटात वाढल्यामुळे यासीनभाईंच्या गळ्यात दोनच पट्ट्या होत्या. एक, चार माग सुरू असताना पलीकडच्याला ऐकू जाईल अशी, आणि दुसरी, शेजारी बसलेल्यालाही ऐकू जाणार नाही अशी. मधलं काही नाही. पहिली पट्टी बँकेच्या माणसांसाठी आणि दुसरी गिऱ्हाइकांसाठी. कर्ज मंजूर करून घेणं, सुरुवातीची रक्कम जमा झाली का ते बघणं आणि गाडीचा विमा उतरवणं, हे त्यांचं खातं. उंच, किडकिडीत, पांढरी दाढी नीट कातरलेली, शर्टाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं. टेबलावर बडीशेप आणि खडीसाखरेची वाटी. चहा बशीत ओतून, बशीला नजर लावून प्यायचे, जणू बशीने काही कबूल करायचं बाकी आहे.

मला ते 'नाटकवाले' म्हणायचे. मी गाडी विकून गिऱ्हाईक त्यांच्याकडे नेलं की म्हणायचे, "आणलंत? बसवा. नाटकवाले, तुम्ही लोकांना ख्वाब दाखवता. पलंगावरून पडता येतं, हे सांगायला मला बसवलंय."

आता त्यांची अडचण सांगतो. गाडीच्या विम्यात, मालकाला स्वतःला अपघातात काही झालं तर घरच्यांना पंधरा लाख रुपये मिळायची सोय असते. ते पैसे कोणाच्या हातात द्यायचे, त्याचं नाव अर्जावर लिहावं लागतं. त्याला नॉमिनी म्हणतात. म्हणजे बघा, बाहेर हार घातलेली गाडी उभी, आजीच्या हातात आरतीचं ताट, भटजींनी काढून दिलेला मुहूर्त तोंडावर आलेला, आणि त्या वेळी या गृहस्थांनी समोरच्या हसऱ्या माणसाला विचारायचं की बाबा रे, तू गेलास तर पैसे कोणाला देऊ?

सुरुवातीला ते सरळ विचारत. एकदा आडगावच्या एका आजींनी तो प्रश्न ऐकला. त्या तडक उठल्या. बाहेर गेल्या, चाकाखालचं लिंबू काढून आणलं, केबिनमध्येच नातवावरून तीनदा उतरवलं आणि यासीनभाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वर म्हणाल्या, "मेल्या, तुझी जीभ आवर." मी काचेबाहेर पोट धरून हसत होतो. यासीनभाई मात्र दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी मला म्हणाले, बुढिया बरोबर बोलली. खुशीच्या दिवशी माणसाच्या दारात मौत उभी करणारा मी कोण?

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नोकरी आहे, विचारावं लागतं. यासीनभाईंचं तसं नव्हतं. शोरूममध्ये काहीही बिघडलं की त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतोच, अशी त्यांची पक्की समजूत. एखाद्याचं कर्ज नामंजूर झालं तर गुन्हा त्यांचा, कारण त्यांनी अर्ज पुढे पाठवला. मंजूर झालं तरी गुन्हा त्यांचाच, कारण आता तो माणूस पाच वर्षं हप्ते भरणार. मी त्यांना म्हणायचो, भाई, तुमच्यासारखा आरोपी मिळाला तर नाशिकचे निम्मे पोलीस घरी बसतील.

तर त्यांनी त्या प्रश्नाला वेगवेगळे कपडे घालायला सुरुवात केली. "गाडीची कागदं घरात कोणाच्या कपाटात राहतील?" असं विचारून बघितलं. पण उत्तर यायचं, कपाटाची चावी हरवलीय. मग "घरात तुमच्यावर जीव कोणाचा जास्त?" असं विचारलं. त्यावर एका घरात आई आणि बायको यांच्यात जे सुरू झालं ते मुहूर्त टळला तरी संपलं नाही. शेवटी त्यांना एक प्रश्न सापडला. खडीसाखरेची वाटी पुढे सरकवून, हळूच विचारायचे, "घरी यायला उशीर झाला, तर पहिला फोन कोणाचा येतो?"

माणूस हसायचा. लाजायचा. "हिचाच, अजून कोणाचा," म्हणायचा. यासीनभाई मान खाली घालून नाव लिहून घ्यायचे. कोणाला कळायचंही नाही की मघाशी मरणाची गोष्ट निघाली होती. त्यांना मात्र कळायचं. सही झाली की गिऱ्हाइकाच्या हातावर दोन खडे ठेवायचे आणि मनातल्या मनात काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा विचारलं, दुवा मागता काय? म्हणाले, माफी.

मघाशी म्हणालो, गाडी न्यायला एकटा माणूस येत नाही. एकच आला होता. पेठकडच्या शाळेतले एक निवृत्त शिक्षक. यासीनभाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. मास्तरांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "कोणाचाच नाही हो येत." पुढे पुतण्याचं नाव लिहून काम उरकलं. पण त्यानंतर दर शनिवारी संध्याकाळी यासीनभाई पेठला फोन लावायचे आणि यंत्रमागाच्या पट्टीत विचारायचे, "मास्तर, घरी पोचलात का?" मास्तर बहुतेक वेळा घराबाहेर पडलेलेच नसत. मग दोघं पावसावर, भातावर आणि मास्तरांच्या गुडघ्यावर बोलायचे. मी चिडवलं की विम्याच्या हप्त्यात हा फोन धरलाय का, तर गंभीरपणे म्हणाले, "मी त्यांना तो सवाल विचारायला नको होता."

पैशांच्या बाबतीत त्यांचा नियम एकच. पैसे पोचल्याशिवाय विमा निघत नाही, आणि विम्याशिवाय चाक फाटकाबाहेर जाणार नाही. एका दसऱ्याला गिरणाऱ्याकडचं एक द्राक्षवाल्यांचं घर आलं. पोरगा घोड्यावर बसावा तसा तयार. पण सुरुवातीच्या रकमेतले काही लाख कमी पडले. बँक बंद, आणि एकेकाच्या फोनवरून दिवसाला लाखाच्या वर पैसे जात नाहीत. मुहूर्त तर समोर. यासीनभाई केबिनमधून बाहेर आले, वऱ्हाड मोजल्यासारखं सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, फोन कोणाकोणाकडे आहेत? मग जो देखावा झाला तो मी कुठल्याही नाटकात पाहिलेला नाही. काका, मामा, आत्याचे यजमान, सगळे ओळीने उभे, एकेक जण आपापल्या फोनवरून लाख लाख पाठवतोय. कोणीही पिन दाबायला लागला की यासीनभाई भिंतीकडे तोंड फिरवायचे. एका काकांनी तर बायकोलाही पाठ करून उभं राहायला लावलं, स्वतः फोन हातात घेतला, आणि मग तिलाच विचारलं, "पिन काय गं आपला?"

तरी दोन मामांचे पैसे अडकलेच. मुहूर्ताला थोडाच वेळ उरलेला. पोरगा रडकुंडीला. यासीनभाईंनीच तोड काढली. गाडी मुहूर्तावरच निघू दे, पण फाटकाच्या आत. नारळ फोडला आणि आमच्या आवारात त्या गाडीने फेऱ्या सुरू केल्या. मागे सगळं घर, पुढे मी हाताने वाट दाखवत, आणि केबिनच्या दारात यासीनभाई फोनकडे डोळे लावून. मामांचे पैसे पोचले, विमा निघाला, आणि फेऱ्या मारून मारून घेरी आलेली ती गाडी फाटकाबाहेर पडली. मी आनंदाने वेडा झालो होतो. यासीनभाई म्हणाले, त्या पोराला मी आज सगळ्या मामांचा देणेकरी करून ठेवला.

असे हे यासीनभाई. मी त्यांच्या त्या अपराधीपणाला त्यांची गंमत समजत आलो. कोणाला पान लागतं, कोणाला तपकीर, यांना गुन्हा लागतो, असं मी सगळ्यांना सांगत असे. मग संजू देवरेची गाडी आली.

संजू नामपूरचा. थोरला भाऊ राजेंद्र, त्याला सगळा बाजार राजूदादा म्हणतो, नामपूरला कांद्याचा व्यापारी. संजू नाशकात औषधांच्या कंपनीत नोकरीला. बायको मनीषा, पहिलीत जाणारी मुलगी. दिवाळीच्या पाडव्याला गाडी न्यायला आले. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते, तुम्हाला माहीतच आहे. मनीषाने पहाटे ओवाळलेलं. संजूच्या कपाळावरचं कुंकू तसंच होतं. राजूदादा खास नामपूरहून आलेले, धाकट्या भावाची पहिली गाडी म्हणून.

मी बाहेर कापडाच्या घड्या नीट करत होतो. केबिनचं दार उघडं होतं. यासीनभाई मालेगावचे, त्यामुळे नामपूर-बागलाणकडचं कोणी आलं की त्यांची अहिराणी सुटायची. "कसं काय शे, बठा," असं करून त्यांनी नवरा-बायकोला बसवलं, वाटी पुढे केली आणि तो प्रश्न विचारला. संजू हसून म्हणाला, "हिचा. दहा मिनिटं उशीर झाला की सुरू." यासीनभाईंनी मान खाली घातली. म लिहिला.

मनीषा हुशार मुलगी. समोरून, उलटं का होईना, तिने रकाना वाचला. तिने टेबलावरून हात पुढे केला आणि यासीनभाईंचं मनगट धरलं.

"काका, माझं नाव नका लिहू तिथे."

"बेटा, ही फक्त कागदाची गोष्ट आहे."

"असू दे. पाडवा आहे आज. दादांचं लिहा."

संजू म्हणाला, लिहा काका, दादा आणि आम्ही काय वेगळे आहोत का. इतकी वर्षं ज्या प्रश्नाला यासीनभाईंनी कपडे घालून घालून फिरवलं, तो आज एका बाईने ओळखला होता. मी बाहेरून त्यांचा चेहरा बघितला. चोरी पकडल्यावर माणसाचा होतो तसा. त्यांनी तो म खोडला आणि राजेंद्र देवरे, भाऊ, असं लिहिलं. मनीषाला म्हणाले, दिवाळी झाली की संजूच्या सहीचा एक साधा अर्ज द्या, नाव बदलून घेऊ. ती म्हणाली, हो. मग मी तीन, दोन, एक केलं. कापड सरकलं. राजूदादांनी गाडीपुढे नारळ फोडला आणि धाकट्या भावाला मिठी मारली. मी खोटं सांगत नाही, त्या मिठीत काही कमी नव्हतं.

दिवाळी गेली. मनीषाचा अर्ज आला नाही, आणि यासीनभाईंनी आठवण द्यायला तिला फोन केला नाही. त्यांचा हात फोनकडे जायचा आणि परत यायचा, हे मी पाहिलंय. एकदा विचारून जिला दुखावलं, तिला पुन्हा तेच कसं विचारायचं, या विचारात संक्रांतही गेली. उन्हाळा लागता लागता चांदवडच्या पुढे राहुड घाटात संजूच्या गाडीवर कंटेनर आला.

गाडीच्या विम्याचे पैसे कर्जापोटी बँकेत गेले. ते तसेच जातात. मालकाच्या अपघाताचे पंधरा लाख राजूदादांच्या खात्यावर गेले, कारण कागदावर त्यांचं नाव होतं. मनीषाच्या हातात उरलं नाशकातलं भाड्याचं घर आणि मुलीची शाळा.

आम्ही दोघं भेटायला गेलो. मी कोपऱ्यात बसलो. यासीनभाई म्हणाले, माझी चूक झाली. मनीषा म्हणाली, "काका, तुमची कशी? मीच हात धरला तुमचा. मीच नको म्हटलं." ती हे स्वतःशी कितीतरी वेळा बोलली असणार, असं तिच्या आवाजावरून वाटलं. यासीनभाई त्यांच्या त्या न ऐकू येणाऱ्या पट्टीत म्हणाले,

"बेटा, नको म्हणणं हा तुझा हक होता. तुझं ऐकणं हे माझं काम नव्हतं."

कायद्याचं त्यांनी तिला नीट समजावलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे घेऊन वारसांना देणारा हात. तिचा आणि मुलीचा हक्क होताच, कोर्टात गेली असती तर मिळालाही असता. पण कोर्टात जायचं म्हणजे सासरच्या दारात उभं राहून दादांना चोर म्हणायचं. ते तिला करायचं नव्हतं. शिवाय कोर्टाला लागणाऱ्या वर्षांसाठी मुलीची फी थांबणार नव्हती.

राजूदादाही काही राक्षस नव्हते. आधी भावाच्या दुःखात होते. मग म्हणाले, पैसे घरातच आहेत, पोरीच्या लग्नाला काढू. मग म्हणाले, ती तरुण आहे, उद्या माहेरी गेली, दुसरं घर केलं तर भावाचे पैसे कोणाच्या घरात जातील? मग काहीच म्हणेनासे झाले आणि त्या पैशांचा कांदा भरला.

आमच्या शोरूमची सुट्टी मंगळवारी. हे कळल्यानंतरच्या मंगळवारपासून यासीनभाई सकाळच्या एसटीने नामपूरला जायला लागले.

एकदा मीही गेलो, गंमत बघायला म्हणून. हो, तेव्हा तेच म्हटलं होतं. राजूदादांचा खळा बाजाराच्या बाजूलाच. बाजारात लिलाव झालेला कांदा ट्रॅक्टर तिथे आणून टाकतात. पत्र्याखाली कांद्याचे ढीग, निवडणाऱ्या बाया, डोळ्यांत आणि नाकात तो वास. यासीनभाई वजनकाट्याशेजारी एका रिकाम्या पोत्यावर बसले होते, वरचं बटण लावून. राजूदादांनी पाहिलं न पाहिलंसं केलं, पण चहा पाठवला. यासीनभाईंनी इथेही बशीच मागितली.

माल टाकून शेतकरी टेकायला आला की विचारायचा, चाचा, कोणाकडचे? आणि यासीनभाई, यंत्रमागाच्या पट्टीत, सांगायला लागायचे. मी नाशिकला गाड्यांचा विमा लिहितो. यांच्या भावाच्या कागदावर बायकोचं नाव लिहायचं होतं, ते मी लिहिलं नाही. चुकून यांचं लिहिलं. आता ती बाई आणि पोर उघड्यावर आहेत, ते माझ्यामुळे. मी माफी मागायला येतो.

बस. राजूदादांबद्दल वावगा शब्द नाही. उलट प्रत्येक वेळी 'दादांचा काही दोष नाही' असं वर. शेतकरी ऐकायचा, एकदा चाचांकडे बघायचा, एकदा गादीवर बसलेल्या दादांकडे, आणि उठून जायचा. निवडणाऱ्या बायांचे हात मध्येच थांबायचे.

मी तर थक्क झालो. वा, म्हटलं, काय जागा पकडलीय, काय प्रवेश आहे, काय फेक आहे. परतीच्या एसटीत मी त्यांच्यापुढे टाळीला हात केला. म्हटलं, भाई, मानलं, त्याला चोर न म्हणता सगळ्या बाजारासमोर चोर ठरवलंत, हे मला जन्मात जमलं नसतं.

यासीनभाईंनी माझ्या हाताकडे बघितलं. हात तसाच राहिला. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नाटकवाले, तुम्हाला ते नाटक वाटलं? मी जे केलं तेच सांगतोय. दुसरं माझ्याकडे आहे काय सांगायला?"

मी हात खाली घेतला. 

एकदा राजूदादांनी त्यांना खळ्यावरच सुनावलं. यासीनभाईंनी दुसऱ्या दिवशी मला जसंच्या तसं सांगितलं. "पैसा घरमाच शे, चाचा. घरनी सून शे ती. तुमचा काय संबंध?" यावर यासीनभाई म्हणाले, संबंध आहे, नाव माझ्या हाताने लिहिलंय. आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा पोत्यावर.

राजूदादांना बोचलं ते वेगळंच. नामपूरच्या बाजारात राजूदादांचा शब्द म्हणजे बँक. शेतकरी माल टाकायचे आणि पैसे त्यांच्याकडेच सोडून जायचे. लागतील तेव्हा नेऊ, दादांकडे आहेत म्हणजे आपल्याकडेच आहेत. कोणी पोरीच्या लग्नासाठी ठेवलेले, कोणी विहिरीसाठी. हळूहळू ते लोक खळ्यावर रेंगाळायला लागले.  मालाचा काटा झाला की म्हणायचे, दादा, आजच द्या, जरा अडचण आहे. सगळ्या तालुक्याला एकाच वेळी अडचण आली.

एका मंगळवारी राजूदादांनी यासीनभाईंना पोत्यावरून उठवलं, आपल्या गाडीत बसवलं आणि सटाण्याला बँकेत नेलं. पंधराच्या पंधरा लाख मनीषाच्या खात्यावर टाकले. पावतीचा फोटो यासीनभाईंच्या फोनवर पाठवला. बाहेर येऊन पायरीवर उभे राहून म्हणाले,

"चाचा, तुम्ही मला एकदाबी चोर म्हनले नाय. म्हनले असते तर मला भांडता आलं असतं."

मनीषाने मुलीची फी भरली, बीएडला प्रवेश घेतला. मला वाटलं, संपलं. मी पेढे आणले. यासीनभाईंनी पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही. म्हणाले, बाईचे पैसे तिला मिळाले. पण राजूदादांचं नाव मी खराब केलं, त्याचं काय? लोक अजून त्यांच्याकडे पैसे ठेवत नाहीत. मी बोललो म्हणून ठेवत नाहीत.

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, भाई, आता तरी सुटा.

यासीनभाई गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच. मालेगावला मातीला मी गेलो होतो, तिथे त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या उन्हाळ्यात असं धरतो. राजूदादांनी पैसे दिल्यानंतरच्या एका मंगळवारी मी त्यांना माझ्या गाडीतून नामपूरला नेलं. बसने गेले असते, पण त्यांचे गुडघे दुखत होते आणि खरं सांगायचं तर मला त्या एसटीतल्या टाळीचं काहीतरी करायचं होतं.

खळ्यावर ते पोत्यावर बसलेच नाहीत. ट्रॅक्टर आला की उठून जायचे. ज्यांना ज्यांना आधी सांगितलं होतं त्यांना शोधून सांगत होते, दादांनी सगळे पैसे सुनेला दिले, एक रुपयाही ठेवला नाही, मी स्वतः बँकेत होतो. एकाला तर चहाच्या टपरीवरून हाताला धरून आणलं आणि राजूदादांसमोर उभं केलं. राजूदादा वैतागले, "आते बस करा, चाचा," म्हणाले, आणि मग तोंड फिरवून खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसत कांद्यावर ओरडले. कांदा होताच समोर, कोणाला संशय आला नाही.

दुपार कलायला लागली. मला नाशिकला पोचायचं होतं. मी फाटकाशी गाडी लावून हॉर्न वाजवला. त्यांनी ऐकला. माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, एकच राहिलाय.

नवा ट्रॅक्टर आत आला होता. वर बसलेला शेतकरी तरुण, पहिल्यांदाच त्या खळ्यावर आलेला दिसत होता, माल कुठे टाकायचा तेही विचारत होता. त्याने संजूचं नाव कधी ऐकलेलं असणं शक्य नव्हतं. मनीषाचं नाही, विम्याचं नाही. राजूदादांबद्दल त्याच्या मनात काही वाईट यायचं कारणच नव्हतं.

मी काच खाली करून म्हणणार होतो, भाई, त्याला काही माहीत नाही, त्याला कशाला सांगता?

पण तोवर यासीनभाई त्याच्यापर्यंत पोचले होते. तो ट्रॅक्टरवरून उतरला. त्यांनी त्याच्या दंडाला धरून त्याला सावलीत घेतलं, दाढीवरून एकदा हात फिरवला, आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली.

"माझ्या हातून एक चूक झाली होती."